जहाल पर्यावरण आंदोलनांवर पीएच.डी. करताना

२०२४ च्या डिसेंबरात माझी मौखिक परीक्षा झाली आणि नव्या वर्षात विद्यापीठाची अधिसूचना हातात पडली. विषय होता जहाल पर्यावरण आंदोलनं आणि त्यांचे परिणाम. तेव्हापासून अधूनमधून कुणाचा तरी फोन येतो. ताई, असा विषय घेतला तर अडचण येईल का? फायली बघायला देतात का? पोलीस विचारायला येतात का? प्रत्येकाला तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा सगळं क्रमाने लिहून टाकते.

प्रवेश परीक्षा २०१७ ला दिली. २०१८ च्या फेब्रुवारीत संशोधन मान्यता समितीपुढे उभी राहिले, तेव्हा माझ्या प्रस्तावात नर्मदा होती, एन्‍रॉन होतं, जैतापूर होतं आणि 'अर्थ फर्स्ट' ही अमेरिकेतली जहाल पर्यावरणवादी संघटनासुद्धा होती. समितीतल्या एका ज्येष्ठ सरांनी कागद बाजूला सरकवला आणि म्हणाले, "बाई, आंदोलन झालं हे सगळ्यांना ठाऊक आहे. वर्तमानपत्रवाले निघून गेल्यावर त्या माणसांचं काय झालं, ते शोधणार असाल तर बोला." त्या दिवशी बाहेर पडताना मला रडू आलं होतं, हे खरं. पण पुढची सगळी वर्षं त्याच एका वाक्यावर निघाली.

यादी छाटत छाटत मुळशी उरली. आपल्याकडे धरणविरोधी आंदोलन म्हटलं की नर्मदा आठवते. त्याच्या कितीतरी आधी, १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, पुण्याजवळच्या मुळशी पेट्यातल्या मावळ्यांनी टाटा कंपनीच्या धरणाचं काम अडवलं होतं. निळा आणि मुळा नद्यांचं पाणी अडवून ते सह्याद्रीच्या पश्चिम कड्यावरून भिऱ्याला उतरवायचं आणि त्यावर वीज करून मुंबईला न्यायची, अशी योजना. पन्नासच्या वर गावांची जमीन त्यात जाणार होती, तीही आंबेमोहोर पिकवणाऱ्या खाचरांची. घोषणा होती, 'जान किंवा जमीन'. काम काही महिने थांबलंही. गांधीजींनी त्याच एप्रिलात 'यंग इंडिया'त लिहून टाटांना आवाहन केलं, की कायद्याच्या हक्कावर अडून न बसता लोकांशी बोला.

पण भूसंपादनाचा १८९४ चा कायदा कंपनीच्या बाजूने होता. शिवाय बऱ्याच जमिनी कागदोपत्री पुण्यातल्या सावकारांच्या झालेल्या होत्या. त्यांना मोबदला हवा होता, आंदोलन नको होतं. सत्याग्रह हळूहळू फुटत गेला. शेवटी १९२४ मध्ये सत्याग्रहाचे पुढारी सेनापती बापट यांनी काही साथीदारांसह रुळांवर दगड रचून धरणाच्या कामाची गाडी अडवली आणि शस्त्र उचललं. सात वर्षांची शिक्षा झाली, सुटका १९३१ साली. धरण १९२७ मध्ये पुरं झालं. आज मुंबईत बापटांच्या नावाचा मार्ग लोअर परळमधून जातो, म्हणजे मुळशीची वीज ज्या गिरण्यांसाठी नेली त्याच गिरणगावातून. रस्त्याला नाव देणाऱ्यांनी हा विचार केला असेल असं वाटत नाही.

पहिल्या वर्षी कोर्सवर्क उरकलं. ते सगळ्यांना सारखंच असतं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. तेव्हाच तुलनेच्या प्रकरणासाठी अमेरिकेतलं वाचन चालू होतं आणि त्यातल्या दोन गोष्टींनी माझी झोप उडवली. पहिली, १९८७ ची. कॅलिफोर्नियात जंगलतोड अडवायला झाडांत मोठे खिळे ठोकायची पद्धत होती. त्या वर्षी मे महिन्यात क्लोव्हरडेलच्या लाकूड गिरणीत करवतीचं पातं अशा खिळ्यावर आदळून तुटलं आणि २३ वर्षांच्या कामगाराचा जबडा मोडला. खिळा कोणी ठोकला ते कधीच सिद्ध झालं नाही. पुढे १९९० मध्ये 'अर्थ फर्स्ट'च्या कार्यकर्त्या ज्युडी बारी यांनी हा मार्ग जाहीरपणे सोडला. त्याच वर्षी २४ मे रोजी ओकलंडमध्ये त्यांच्या गाडीत बॉम्ब फुटला, आणि पोलिसांनी संशय घेतला तो त्यांच्यावरच. भरपाईचा निकाल लागला २००२ साली, ४४ लाख डॉलर. तो ऐकायला त्या नव्हत्या, १९९७ मध्येच कर्करोगाने गेल्या होत्या.

दुसरी गोष्ट थेट माझ्या अंगावर येणारी. रिक स्केअर्स नावाचा समाजशास्त्राचा संशोधक अशाच जहाल कार्यकर्त्यांचा अभ्यास करत होता. १९९३ मध्ये ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरायचा का ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, त्याला मुलाखतींमधली माहिती विचारली. मी गोपनीयतेचा शब्द दिलाय, सांगणार नाही, म्हणाला. स्वतः काहीही गुन्हा केलेला नसताना तो १५९ दिवस तुरुंगात राहिला.

मार्गदर्शक मॅडमना मी हे वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आपल्याकडेही वकील-अशिलासारखं संरक्षण संशोधकाला नाही. तेव्हा जे तुझ्या वहीत नाही, ते कोणी मागू शकत नाही." तिथून आमचे नियम ठरले. टिपणवहीत नाव लिहायचं नाही, फक्त 'क', 'ख', 'ग'. कोण कोण ते सांगणारा कागद वेगळा, घरी, लॅपटॉपवर नाही. मुलाखतीत कोणी नोंद न झालेल्या गुन्ह्याबद्दल किंवा पुढच्या बेताबद्दल बोलायला लागलं तर रेकॉर्डर बंद करून तसं सांगायचं. संमतीपत्र मराठीत, एका पानाचं, आणि त्यात 'मी कधीही माघार घेऊ शकतो/शकते' हे वाक्य ठळक. नीतिविषयक समितीला इंग्रजी मसुदा लागतो म्हणून बरेच जण तोच पुढे करतात. समोरची बाई सही करते, पण वाचत काही नाही.

२०१९ च्या उन्हाळ्यात पुराभिलेखागाराची वाट धरली. मुंबईला काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र राज्याचं पुराभिलेखागार आहे. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र, ओळखपत्राची प्रत आणि फोटो एवढं घेऊन जा, पत्रावर विषय आणि कालखंड स्पष्ट लिहून घ्या. 'पर्यावरण चळवळ' असा मथळा घेऊन गेलात तर १९२१ च्या सूचीत काहीही सापडणार नाही, कारण तेव्हाच्या सरकारला यात पर्यावरण दिसतच नव्हतं. सत्याग्रहींच्या हालचाली गृह खात्याच्या 'स्पेशल' फायलींत शोधायच्या, जमिनी महसुलात, धरण-कालवे सार्वजनिक बांधकामात. एकच आंदोलन तीन खात्यांत वाटलेलं असतं आणि तिन्ही ठिकाणी त्याचं तोंड वेगळं दिसतं.

पुण्याहून पहाटेच्या सिंहगड एक्स्प्रेसने निघायचं, शंभरेक रुपयांचं तिकीट, सीएसएमटीहून चालत जायचं. पेन आत चालत नाही, शिसपेन्सिल न्या आणि सोबत शार्पनर. मागणीची चिठ्ठी सकाळी जितक्या लवकर द्याल तितकं बरं, कारण फाइल वर यायला वेळ लागतो आणि जेवणाची सुट्टी मध्ये आली की दिवस संपल्यात जमा. पहिली फाइल समोर आली तेव्हा मी नाडी सोडायलाच घाबरले. कडेचा कागद बिस्किटासारखा सुटत होता. टाचणीच्या जागी गंजाचा तांबडा वण, वर जांभळा शिक्का, आणि समासात तीन वेगवेगळ्या शाईंमध्ये तीन अधिकाऱ्यांचे शेरे. मजकुरापेक्षा हे शेरेच आधी वाचायला शिका. टंकलेखित पत्र सरकार काय म्हणालं ते सांगतं, समासातून सरकारला काय वाटत होतं ते कळतं.

मराठी बाजू बघायला पुण्यात परत. केसरीवाड्यातले जुने अंक, नंतर गोखले संस्थेचं ग्रंथालय. गावपातळीवरच्या काही कागदांची लिपी मोडी निघाली. मला अक्षरओळख नव्हती. पुण्यात मोडीचे वर्ग नेहमी भरतात, तिथे नाव घातलं. वर्गात माझ्या शेजारी निवृत्त तलाठी बसायचे. अक्षर मला कधी नीट लागलं नाही, पण आकडे आणि महसुली शब्द त्यांनी पक्के करून घेतले, आणि माझ्या कामाला तेवढं पुरलं. इतिहासाचा विषय असेल तर हा वर्ग पहिल्या वर्षीच करा.

त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईतल्या आरेच्या जंगलातलं आंदोलन घडलं. शुक्रवार, ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मेट्रो कारशेडविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडांवर करवती चालल्या. लोक धावले, २९ जणांना अटक झाली. कलमं ३५३, ३३२, १४३, १४९, म्हणजे सरकारी नोकरावर हल्ला, दुखापत, बेकायदा जमाव. सोमवारी, ७ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने पुढची तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडं पडली होती. डिसेंबरात सरकारने खटले मागे घेण्याची घोषणा केली.

मॅडमचा दुसऱ्याच आठवड्यात निरोप आला, "तुझं शेवटचं प्रकरण घरी चालत आलंय." मान्य झालेल्या विषयात बदल करायचा म्हणजे पुन्हा अर्ज, मार्गदर्शकाची शिफारस, विभागाचा शेरा, समितीची पुढची बैठक. विषयाचा गाभा तोच आणि कालखंड वाढतोय, असं दाखवलंत तर नव्याने नोंदणी करावी लागत नाही. मंजुरी २०२० च्या मार्चमध्ये आली आणि त्याच महिन्यात सगळं बंद झालं.

टाळेबंदीबद्दल नव्याने काय सांगणार? तासिका तत्त्वावरचं शिकवणं थांबलं, मानधन थांबलं, घरात सासऱ्यांचं आजारपण. सहामाही प्रगती अहवालात 'टंकलेखन चालू' असं लिहीत होते. मुलींना एवढंच सांगते, की यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१६ च्या नियमांत सहा वर्षांच्या मुदतीवर स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत होती, आणि प्रसूती-बालसंगोपनासाठी २४० दिवसांची रजाही. अर्ज केल्याशिवाय ती मिळत नाही आणि कार्यालयात कोणी आपणहून सांगत नाही. आपल्या नोंदणीला कोणत्या वर्षीचे नियम लागू आहेत ते पहिल्याच दिवशी लेखी घेऊन ठेवा.

२०२१ च्या अखेरीस मुळशीत फिरायला लागले. पौडपर्यंत एसटी, पुढे मिळेल ते वाहन. एका घरी आजोबा भेटले, ऐंशी ओलांडलेले. त्यांच्या आजोबांचं शेत पाण्याखाली आहे. मी सत्याग्रहाबद्दल विचारत होते आणि ते पुन्हा पुन्हा सावकाराकडे येत होते. "पैका आला व्हता की. पण आमी कूळ. पैका पुन्याला ग्येला." मग उठून अंगणातून बोट दाखवलं. वर विजेच्या तारा गेल्या होत्या. त्यांच्या वडिलांच्या हयातीत गावात दिवा आला नव्हता, म्हणाले. सुनबाई आतून चहा घेऊन आल्या आणि मला विचारलं, "ह्याचं पुढं काय हुतं? मोबदला मिळतो का?" संशोधक म्हणून या प्रश्नाचं उत्तर आधी तयार ठेवा. मी स्पष्ट सांगितलं की नाही मिळत, यातून पदवी मला मिळेल. त्या हसल्या आणि साखर अजून हवी का म्हणाल्या. मोकळेपणाने बोलणं सुरू झालं ते त्यानंतर.

आरेच्या मुलाखती सगळ्यात अवघड गेल्या. मुळशीची माणसं जाऊन जमाना झाला, इथे समोरच्याचा खटला चालू. 'ग' हा पंचविशीतला मुलगा, नोकरीच्या शोधात. खटले मागे घेण्याची सरकारची घोषणा झाली म्हणजे खटला संपला असं त्याच्या आईला वाटलं होतं. तसं नसतं. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ प्रमाणे (जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६०) सरकारी वकिलाने अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाची संमती लागते. तोवर खटला प्रलंबितच. पासपोर्टच्या अर्जात प्रलंबित फौजदारी खटल्याचा रकाना येतो. तिथे 'होय' लिहिलं की न्यायालयाची परवानगी आणावी लागते. 'ग'ने माझ्यासमोर तो अर्ज उघडला, त्या रकान्यापर्यंत आला आणि लॅपटॉप मिटला. म्हणाला, "मी काय केलं माहितीये? बॅरिकेडच्या पलीकडे गेलो." बापटांची शिक्षा आणि याची तारखांची रांग मी एका तराजूत घालत नाही. पण माझ्या प्रबंधातलं 'परिणाम' नावाचं प्रकरण त्या रकान्यावरून सुरू होतं.

खटल्यांची स्थिती कळावी म्हणून माहिती अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप पुरतो. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जाला एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, माझा पहिला अर्ज वाचणाऱ्या झेरॉक्सवाल्या काकांनीच ते सांगितलं. 'का' विचारू नका. कारण विचारलं की 'ही माहिती नाही, मत आहे' असं उत्तर येतं. अमुक तारखेच्या निर्णयाची प्रत, अमुक पत्रव्यवहाराची प्रत, असं मागा. तीस दिवस वाट पाहिली. एका कार्यालयाने 'त्रयस्थ व्यक्तीची माहिती' म्हणून नकार दिला. पहिलं अपील तीस दिवसांच्या आत करायचं असतं, केलं. सुनावणीला मी नावं नकोत, फक्त संख्या आणि आदेशांच्या प्रती द्या असं लिहून दिलं, तेव्हा निम्मं हाती आलं. पानाला दोन रुपये. दुसऱ्या अपिलाच्या फंदात पडले नाही, आयोगाकडे पाळी यायच्या आत माझी मुदत संपली असती.

लिखाण २०२२ ते २४. मला शेवटपर्यंत छळणारं प्रकरण रुळांचं. सेनापतींबद्दल लहानपणापासून ऐकलेलं, पारनेरला हातात झाडू घेऊन रस्ते झाडणारा माणूस. त्यांच्याबद्दल कोरडं लिहिताना हात अडखळत होता. तरी कागद पुढे ठेवले की एक गोष्ट नाकारता येईना. त्या गाडीवर राबणारी माणसं होती. कंपनीचे संचालक त्या गाडीने जात नव्हते. क्लोव्हरडेलच्या गिरणीतही करवतीपुढे रोजंदारीचा मुलगाच उभा होता. यंत्र अडवायला गेलेला वार यंत्रापाशी उभ्या असलेल्या मजुराला आधी लागतो, आणि सरकारला मग मूळ प्रश्नावर बोलायची गरजच उरत नाही. मुळशीबाबत गांधीजींनी नंतर हात आखडता घेतला, त्याच्या कारणांत पुढाऱ्याचा अहिंसेवर विश्वास नसणं हे एक होतं. पण बहुतेकांनी मोबदला घेतलेला असणं आणि धरणाचं काम पुढे गेलेलं असणं हीसुद्धा कारणं होती. बापटांनी शस्त्र उचललं म्हणून मुळशी बुडाली असं कोणी म्हणालं तर क्रम उलटा लावतोय. मुळशी जवळजवळ हरलेली होती, म्हणून त्यांनी ते उचललं. हे एवढं म्हणायला मला ४० पानं लागली.

सादर करण्याआधी एक शोधनिबंध छापलेला आणि दोन परिषदांत सादरीकरण, अशी आमच्या वेळच्या नियमांची अट होती. वाङ्मयचौर्य तपासणीत साधर्म्य दहा टक्क्यांच्या आत हवं. मराठी प्रबंध जुन्या फॉन्टमध्ये टंकला असेल तर तपासणीत त्याची नुसती खिचडी दिसते, पहिल्यापासून युनिकोडमध्येच लिहा. कायद्याच्या कलमांचे उतारे आणि संदर्भसूची वगळून अहवाल मागता येतो. टंकलेखन, छपाई, बांधणी मिळून २२ हजारांच्या आसपास गेले. मुंबईच्या फेऱ्या, छायाप्रती आणि मुळशीतली वाहनं धरली तर एकूण आकडा नवऱ्याला सांगितलेला नाही.

प्रबंध जून २०२४ मध्ये दिला. परीक्षकांचे अहवाल यायला नोव्हेंबर उजाडला. त्या काळात विद्यापीठाच्या कार्यालयात फोन करून काही उपयोग होत नाही. आठवड्यातून एकदा स्वतः जाऊन, हसतमुखाने, नोंद क्रमांक सांगून विचारा.

मौखिक परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. माझ्याकडे पाठीमागच्या रांगेत तो निवृत्त तलाठ्यांचा चष्मा दिसला तेव्हा धीर आला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सरळ विचारलं, "तुम्ही बापटांना दोषी धरता की नाही?" मी म्हणाले, शिक्षा देणं न्यायालयाचं काम होतं, ते झालं. मी फक्त त्या गाडीवर कोण होतं आणि त्या जमिनीचा पैसा कोणाकडे गेला हे लिहिलंय. त्यांचं समाधान झालं की नाही कळलं नाही. पुढचा प्रश्न तळटिपांच्या पद्धतीवर आला.

शेवटचं काम आता करते आहे आणि ते कोणत्याही परिपत्रकात नव्हतं. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढला की जगाला दिसतो, नंतर त्यातून एक ओळ काढणंही कठीण. म्हणून सॉफ्ट कॉपी देण्याआधी परिशिष्टं पुन्हा वाचा. माझ्या परिशिष्टात माहिती अधिकाराच्या उत्तराची छायाप्रत होती आणि तिच्या कोपऱ्यात गुन्हा नोंद क्रमांक तसाच राहिला होता. त्यावरून 'ग' कोण हे कुणालाही शोधता आलं असतं. ते पान बदलून पुन्हा बांधणी केली, आठशे रुपये जास्तीचे गेले. मुलाखतींच्या ध्वनिफितींचं काय करायचं ते संमतीपत्रात लिहिलं होतं, पदवीनंतर सहा महिन्यांत पुसायच्या. मुळशीच्या आजोबांची मात्र ठेवली आहे. त्यांच्या नातवाने मागितली, त्याला पेनड्राइव्हवर नेऊन द्यायची आहे.